पोसणाऱ्याचं बळ

पडद्याच्या कोपऱ्यात सहा आकडे एकाखाली एक उभे होते. सहाही ४५००. भाच्यानं हातातलं घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, आता इथून नजर हलवू नकोस."

चाचणी सुरू होऊन अकरा मिनिटं झाली होती. बाराव्या मिनिटाला सहाच्या सहा आकडे एका दमात १४०० वर कोसळले. दोन-तीन सेकंद तिथं थांबले, परत ४५०० वर चढले, परत कोसळले. संगणक बंद पडला नाही, पडदा निळा झाला नाही, कसला आवाजही आला नाही. चढावर दम लागलेला माणूस चार पावलं चालून थांबतो, परत चार पावलं चालतो, तसं काहीसं चाललं होतं.

"प्रोसेसर तापला?" मी विचारलं.

"नाही. तो ५८ अंशांवर आहे, मजेत आहे." त्यानं उघड्या मदरबोर्डवर बोट नेलं. प्रोसेसरच्या डाव्या अंगाला काळ्या चौकोनी ठिपक्यांची रांग होती. "दमलेत ते हे. याला वीज पुरवणारे."

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला होता 'मर्यादा'. खेळाडू, गिर्यारोहक, गवई असे सगळे डोळ्यांसमोर येऊन गेले. पण आठवत राहिला तो बारा वर्षं जुना संगणक घेऊन रात्र-रात्र बसणारा माझा भाचा. म्हणून मी चार शनिवार डोंबिवलीला गेले.

दहा बाय दहाची खोली

हा संगणक त्याच्या वडिलांनी २०१४ मध्ये घेतला, तेव्हा तो पाचवीत होता. आत एएमडी कंपनीचा एफएक्स-६३०० प्रोसेसर आहे. सहा गाभ्यांचा, म्हणजे सहा कोअरचा, हा प्रोसेसर ऑक्टोबर २०१२ मध्ये बाजारात आला. कमी पैशांत सहा कोअर मिळतात म्हणून आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांतून तो बराच दिसायचा. प्रोसेसरवर पैसे खर्च झाले की मदरबोर्डवर वाचवायचे, ही तेव्हाची आणि आजचीही रीत. त्यामुळे बोर्ड आला तो त्या दुकानातला सर्वांत स्वस्त.

भाचा आता डिप्लोमा करतो आणि सुटीच्या दिवशी एकांकिकांचं चित्रीकरण करतो. स्पर्धा संपली की मंडळींना दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रफीत हवी असते. एका एकांकिकेची अंतिम फाइल तयार व्हायला या संगणकावर ४२ मिनिटं लागतात. दिवसाला पाच एकांकिका असतील तर साडेतीन तास त्यातच जातात. नवा संगणक घ्यायचा तर निदान तीस-चाळीस हजार हवेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरला दारात उभं करत नाही. त्यानं लिनक्स टाकलं आणि ठरवलं, की आहे त्याच यंत्रातून आणखी काय निघतं ते बघायचं. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे तेच: कारखान्यानं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त वेगानं पळवणं.

खोलीतल्या भिंतीवर खिळ्याला एक मदरबोर्ड टांगलेला आहे. त्याच्या एका कोपऱ्यात रुपयाएवढा तपकिरी डाग आहे. हा त्यानं आधीच्या प्रयोगात जाळलेला पहिला बोर्ड; आताचा त्याच्या जागी आलेला. "वास आला तेव्हा उशीर झाला होता," तो म्हणतो. तो बोर्ड त्यानं टाकून दिला नाही, कामाला बसलं की समोर दिसेल अशा ठिकाणी लावला.

ठोका आणि गुणक

प्रोसेसर ठोक्यावर चालतो. बोर्डवरून त्याला सेकंदाला वीस कोटी ठोके मिळतात, म्हणजे २०० मेगाहर्ट्झ. प्रोसेसर आत त्यांना एका गुणकानं वाढवतो. या प्रोसेसरचा गुणक १७.५, म्हणून छापील वेग ३५००. काम वाढलं आणि परिस्थिती अनुकूल असली तर सहाही कोअर स्वतःहून ३८०० पर्यंत जातात. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन गुणक २१ केला की ४२००, २२.५ केला की ४५००. करणी एवढीच. कीबोर्डवरची दोन बटणं दाबली की झालं.

कठीण भाग पुढे आहे. ४२०० च्या वेगाला एका ठोक्याला सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाचा जेमतेम पाव हिस्सा मिळतो. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा सात सेंटिमीटरच जातो. त्या अवधीत चिपमधल्या ट्रान्झिस्टरांच्या साखळीनं एकामागून एक उघड-मीट पुरी करून पुढच्या ठोक्याआधी उत्तर तयार ठेवायचं असतं. साखळीतली एक कडी जरी मागे राहिली तरी अर्धवट उत्तर पुढे ढकललं जातं. संगणकाला ते अर्धवट आहे हे कळत नाही. तो चुकीच्या आकड्यावर पुढची बेरीज रचत जातो.

यावर उपाय व्होल्टेज वाढवण्याचा. दाब वाढला की ट्रान्झिस्टर चपळाईनं उघडतात-मिटतात. पण त्याची किंमत भारी. लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. भाच्यानं वहीवर मांडून दाखवलं: ३८०० वरून ४५०० म्हणजे वेग १८ टक्के जास्त. त्यासाठी व्होल्टेज १.२७५ वरून १.४२५ करावं लागलं. दोन्हींचा गुणाकार केला तर वीज जवळजवळ दीडपट. अठरा टक्के वेगासाठी पन्नास टक्के वीज, आणि ती सगळी शेवटी उष्णता होऊन त्याच दहा बाय दहाच्या खोलीत येते.

छापील वेग ठरतो कसा

मला वाटायचं, की कारखान्यानं ३५०० छापलं म्हणजे त्याची ताकदच तेवढी. तसं नसतं. हा प्रोसेसर जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या कारखान्यात ३२ नॅनोमीटरच्या तंत्रानं घडला. तिथं सिलिकॉनच्या एका गोल चकतीवर एकसारख्या शेकडो नक्षी उठतात, पण एकाच भट्टीतल्या विटांसारख्या त्या थोड्याथोड्या वेगळ्या भाजल्या जातात. मधली उत्तम, काठाची जरा कच्ची. चाचणी घेऊन त्यांचे वर्ग लावतात. मुळात ही चिप आठ कोअरची. त्यातली दोन बंद करून सहा कोअरची म्हणून विकतात. मग लाखो चिपांमधली सर्वांत कमकुवत चिपही, उकाड्यातल्या कुठल्याशा घरात, धुळीनं भरलेल्या पंख्याखाली, वर्षानुवर्षं बिनचूक चालली पाहिजे, असा विचार करून छापील वेग ठरतो.

म्हणजे डब्यावरचा आकडा कळपातल्या सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पायांनी मोजलेला असतो. तुमच्या हातात आलेली चिप त्याहून किती पुढे जाऊ शकते, हे कारखाना सांगत नाही आणि दुकानदाराला माहीत नसतं. ते ज्याचं त्यानं शोधायचं.

या जातीच्या प्रोसेसरला वेगाची भूकही जास्त. त्यातले कोअर जोडीजोडीनं राहतात आणि प्रत्येक जोडीत दशांशाच्या गणितांचं एकक एकच, सामाईक. एका ठोक्यात होणारं काम त्या काळच्या इंटेलच्या प्रोसेसरांपेक्षा कमी. ही उणीव ठोके वाढवून भरून काढायची, अशीच त्याची घडण होती. म्हणून एएमडीनं एफएक्स मालिकेतल्या प्रत्येक प्रोसेसरचा गुणक मोकळा ठेवला. ऑगस्ट २०११ मध्ये याच घराण्यातल्या एफएक्स-८१५० ला द्रवरूप हेलियमनं गोठवून ८४२९ मेगाहर्ट्झपर्यंत नेलं गेलं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. ते प्रयोगशाळेतलं काही क्षणांचं शिखर. डोंबिवलीत हेलियम नाही, ३१ अंशांची हवा आहे.

पेन्सिलीची रेघ

स्वस्त वस्तूतून महाग वस्तूचं काम काढण्याची ही हौस जुनी आहे. १९९८ मध्ये इंटेलनं सेलेरॉन ३००ए काढला. त्याचा गुणक ४.५ वर कुलूपबंद होता, पण बोर्डाचा मूळ ठोका ६६ वरून १०० केला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळायचा, म्हणजे त्या वेळच्या सर्वांत महाग पेंटियम-२ च्या बरोबरीला यायचा. ज्यांच्या बोर्डात तशी सोय नव्हती, ते प्रोसेसरच्या एका ठरावीक संपर्कपट्टीवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून बोर्डाला तो १०० चाच प्रोसेसर आहे असं पटवून द्यायचे.

दोनच वर्षांनी एएमडीच्या अ‍ॅथलॉन आणि ड्यूरॉनवर लोकांनी पेन्सिल चालवली. प्रोसेसरच्या पाठीवर उघडे दिसणारे काही सूक्ष्म पूल कारखान्यात तोडलेले असत. पेन्सिलीतल्या ग्राफाइटमधून वीज वाहते. तेवढ्या फटीवर टोकदार पेन्सिलीनं रेघ ओढली की पूल सांधला जाई आणि गुणकाचं कुलूप उघडे. शाळेच्या कंपासपेटीतल्या वस्तूनं एवढं मोठं कुलूप उघडलेलं मला दुसरं माहीत नाही.

पुढे कंपन्यांनी दारं बंद केली. २०११ पासून इंटेलमध्ये गुणक मोकळा हवा तर खास अक्षराचा महाग प्रोसेसर आणि त्याच्या जोडीला महाग बोर्ड, असा नियमच झाला. २०१४ मध्ये पेंटियमच्या विसाव्या वर्षानिमित्त जी-३२५८ हा मोकळ्या गुणकाचा स्वस्त प्रोसेसर निघाला. तेव्हा बोर्ड बनवणाऱ्यांनी स्वस्त बोर्डांवरही ती सोय उघडून दिली, आणि मग इंटेलनं मायक्रोकोडच्या दुरुस्तीनं ती वाट बुजवायला घेतली. एफएक्सवाल्यांना ही अडचण कधीच आली नाही. त्यांच्या वाटेत कुलूप नव्हतं. त्यांना अडवलं ते बोर्डानं.

चार खांब

तर ते काळे ठिपके. पॉवर सप्लायकडून मदरबोर्डाला बारा व्होल्ट मिळतात. प्रोसेसरला हवे असतात जेमतेम सव्वा-दीड. बारा उतरवून दीड करण्याचं काम प्रोसेसरच्या शेजारी बसलेली मंडळी करतात: मॉस्फेट नावाचे काळे चौकोन सेकंदाला लाखो वेळा वीज जोडतात आणि तोडतात, चोक नावाचे राखाडी ठोकळे तो झटका मऊ करतात, कपॅसिटर उरलेली लाट शांत करतात. या सगळ्याला मिळून व्हीआरएम म्हणतात. अशा एका संचाला फेज म्हणतात. महागड्या बोर्डांवर प्रोसेसरसाठी आठ, दहा फेज असतात आणि त्यांच्यावर अ‍ॅल्युमिनिअमचे जाडजूड हीटसिंक. या बोर्डवर चार आहेत, आणि हीटसिंकसाठी ठेवलेली भोकं रिकामी आहेत.

आता हिशोब करा. प्रोसेसर ९५ वॉटचा. दीडपट केला की १४०. व्होल्टेज कमी, म्हणून प्रवाह प्रचंड: सुमारे शंभर अँपिअर. घरातला दीड टनी एसी सात-आठ अँपिअर घेतो. इथं नखाएवढ्या चार जागांतून प्रत्येकी पंचवीस अँपिअर सतत वाहत असतात. उतरवताना शंभरातले पंधरा भाग वाया जातात असं धरलं, तरी वीस-पंचवीस वॉट उष्णता त्या उघड्या ठिपक्यांतच साठते. सोल्डरिंग आयर्नच्या टोकाला एवढ्यावर कथील वितळतं.

भाच्यानं खालच्या एसी दुरुस्तीवाल्या काकांकडून इन्फ्रारेड थर्मामीटर मागून आणला होता. मॉस्फेटवर लाल ठिपका धरला: ११२ अंश. प्रोसेसरच्या डोक्यावर मोठा पंखा आणि तांब्याच्या नळ्या, त्यामुळे तो ५८ वर. ज्याच्या नावानं संगणक ओळखला जातो त्याची एवढी बडदास्त, आणि त्याला घास भरवणाऱ्यांच्या डोक्यावर छप्परही नाही.

बोर्डानं प्रोसेसरला खूण केली, की मी जळेन, हळू हो. प्रोसेसर १४०० वर आला. वीज कमी लागली, ठिपके जरा निवले, आकडा चढला, परत तापले. या चढउतारात एकांकिकेची फाइल तयार व्हायला ५१ मिनिटं लागली. मूळ वेगाला ४२ लागत होती. वेग वाढवून काम नऊ मिनिटांनी लांबलं. भिंतीवरच्या बोर्डाला अशी खूण करायची सोयच नव्हती. तो मुकाट्यानं ओझं ओढत राहिला आणि जळाला.

ते ५१ मिनिटांचे आकडे पाहताना मला माणसांची घरं आठवत होती. कर्तबगार माणसाकडून जास्तीची अपेक्षा ठेवताना आपण त्याचीच ताकद बघतो. त्याच्या पाठीशी उभं राहून त्याला सकाळ-संध्याकाळ पोसणाऱ्यांना किती झेपतं, हे कोण मोजतं? यंत्रानं ते आकड्यांत दाखवलं, एवढाच फरक.

लॅमिंग्टन रोड

दुसऱ्या शनिवारी आम्ही ग्रँट रोड स्टेशनला उतरलो. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे पाटीवरचं नाव. लोकांच्या तोंडी अजून लॅमिंग्टन रोड, १९०३ ते १९०७ या काळातल्या मुंबईच्या गव्हर्नराच्या नावानं. पावसाची भुरभुर होती. फुटपाथवर प्लॅस्टिकखाली केबलींचे ढीग, दुकानांच्या काचांत रंगीत दिव्यांचे पंखे. आम्हाला त्यातलं काही नको होतं. आतल्या गाळ्यातल्या एका काकांकडे भाच्यानं तीन वस्तू मागितल्या: प्रोसेसरला लावायची पेस्ट, १२० मिलिमीटरचा साधा पंखा आणि पाठीला उष्णतावाहक चिकट पट्टी असलेले बोराएवढे हीटसिंक, आठ नग.

काकांनी हीटसिंक मोजून देता देता विचारलं, "बोर्ड कुठला?" नाव ऐकून मान हलवली. "त्याला वरून हवा द्या. बाजूनं नको." तिन्हींचं मिळून बिल हजाराच्या आत आलं.

घरी येऊन कूलर काढताना भाच्यानं आधी पाच मिनिटं संगणक चालवून गरम केला. जुनी पेस्ट सिमेंटसारखी धरते. गार असताना सरळ वर ओढलं तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि नऊशेहून जास्त पिनांपैकी चार-दोन वाकतात. त्यानं कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवला, पकड सुटल्यावर उचलला. जुनी पेस्ट पुसली, वाटाण्याएवढा नवा थेंब ठेवला, कूलर बसवला. मॉस्फेटांवर छोटे हीटसिंक चिकटवले आणि पंखा दोन केबल-टायनी त्यांच्या डोक्यावर बांधला.

एका वेळी एकच

यानंतरचे दोन शनिवार पाहणाऱ्याला कंटाळवाणे वाटतील असे होते, आणि खरी कला तिथंच होती. बायोसमध्ये पहिली गोष्ट त्यानं केली ती व्होल्टेजवरचं 'ऑटो' काढण्याची. स्वस्त बोर्ड स्वतःवर सोडला तर वेग वाढताना सावधगिरी म्हणून भरमसाट व्होल्टेज देतो. ४२०० ला त्यानं १.४५ दिलं होतं. बोर्ड स्वतःच स्वतःला तापवत होता. मग टर्बो बंद केला, म्हणजे वेग आपोआप खालीवर होणार नाही.

मग एक पाऊल. गुणक अर्ध्यानं वर, बाकी सगळं तसंच. चाचणी. टिकला तर पुन्हा अर्ध्यानं वर. चुकला तर व्होल्टेज १.३ वरून १.३१२५, तरीही चुकला तर १.३२५. एका वेळी दोन गोष्टी बदलायच्या नाहीत, कारण बिघडलं तर कशानं बिघडलं ते कळत नाही. प्रत्येक पाऊल वहीत: तारीख, खोलीचं तापमान, गुणक, व्होल्टेज, मॉस्फेटचं तापमान, निकाल. एकदा संगणक उठलाच नाही. त्यानं बोर्डवरचा जंपर क्षणभर जोडून बायोसची आठवण पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून आकडे भरले.

चाचणीसाठी त्यानं वापरला प्राइम९५. १९९६ मध्ये सुरू झालेल्या एका जगभरच्या सामूहिक शोधाचा हा प्रोग्राम. तो प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधतो. तिथं एक अंक चुकला तर महिन्यांची मेहनत वाया जाते, म्हणून तो स्वतःचं गणित सतत तपासतो आणि ज्यांची उत्तरं आधीच माहीत आहेत अशी उदाहरणं प्रोसेसरला घालतो. संगणक वरवर ठीक चालत असताना आत चुकतोय का, हे पकडायला याच्याइतका कडक मास्तर नाही. ४३०० ला, १.३२५ व्होल्टवर, चाळिसाव्या मिनिटाला त्यानं एक कोअर थांबवला: पूर्णांकात बसवताना फरक ०.४ च्या आत हवा होता, ०.५ आला. पडद्यावर बाकी सगळं सुरळीत दिसत होतं.

"भार आला की व्होल्टेज बसतं," भाचा म्हणाला. गावाकडे विहिरीवरची मोटर सुरू झाली की घरातला दिवा मिणमिणतो, तेच इथं. बायोसमध्ये १.३२५ लिहिलं तरी सहा कोअर एकदम ओढायला लागले की प्रत्यक्षात त्याहून कमी पोहोचतं. चांगल्या बोर्डांत ही घट भरून काढायची सोय असते. इथं नाही.

मागे येण्याचं शहाणपण

चौथ्या शनिवारी रात्री ४३०० टिकला. व्होल्टेज १.३७५, मॉस्फेट ९६ अंश, सहा तास बिनचूक. मला वाटलं, जिंकलो. भाच्यानं वहीत नोंद केली, संगणक बंद केला आणि बायोसमध्ये जाऊन गुणक २१ आणि व्होल्टेज १.३२५ भरलं.

"का रे?" मी विचारलं. "झालं होतं की."

"मावशी, आज खोली ३० वर आहे. मे महिन्यात ही ३६ वर जाते. पंखा हवा देतो, पण खोलीपेक्षा गार हवा कुठून आणणार? आजचे ९६ तेव्हा १०२ होतील. पंख्यावर धूळ बसेल ती वेगळीच."

४२०० ला मॉस्फेट ८४ अंश. द्रव इलेक्ट्रोलाइटच्या कपॅसिटरांचा एक जुना ठोकताळा आहे, की तापमान दहा अंशांनी उतरलं तर आयुष्य साधारण दुप्पट होतं. शेवटच्या शंभर मेगाहर्ट्झनी एकांकिकेमागे मिनिटभरसुद्धा वाचलं नसतं, आणि त्यासाठी बारा अंश मोजावे लागले असते. ते बारा अंश त्यानं बोर्डाला परत दिले.

मग त्यानं त्याच एकांकिकेची तीच फाइल लावली. आम्ही चहा घेतला. पडद्यावरचे सहा आकडे ४२०० वर होते आणि एकदाही हलले नाहीत. ३८ मिनिटांनी फाइल तयार झाली. पाच एकांकिकांमागे वीस मिनिटं वाचली, हजार रुपयांच्या आत. बारा वर्षांचा एक संगणक भंगारात जायचा राहिला.

त्यानं थर्मामीटर उचलला, शेवटचं तापमान घेतलं आणि वहीत आकड्यांच्या रांगेखाली एक ओळ लिहिली: 'उन्हाळ्यात पुन्हा तपासणे.' मग खुर्चीवरून उठून त्यानं त्या छोट्या पंख्यासमोर हात धरला. हवा बरोबर त्या चार खांबांवर पडत होती.